जड आणि हलकी

डिअरबॉर्न, मिशिगन
६ ऑक्टोबर २०१८

रबाब,

सलाम. ही पेटी तिकडे निघालेल्या उम्म जाफरच्या हाती पाठवतोय. विमानतळावर तिची झडती झाली तर तिच्या शिव्या मला पोचतीलच. आत विजेची गुडगुडी आहे. खालचं भांडं, पाणी, नळी, सगळं नेहमीचं. फक्त वर निखाऱ्याऐवजी एक डबी बसते. झुरका घेतला की डबीला कळतं, ती तापते आणि तंबाखूचा धूर होतो. निखारे नाहीत, राख नाही, तुझे गालिचे जळणार नाहीत. वीज गेली तरी बॅटरी आहे, म्हणजे सैदातल्या जनरेटरवाल्याचे पाय धरायला नकोत.

बाबांनी ही ओढून बघावी आणि खरं काय ते सांगावं, एवढंच मला हवंय. फोनवर ते काही बोलत नाहीत. तू फोन मोठ्या आवाजावर ठेवतेस, ते शेजारी बसलेले, तूही मग "छान आहे हं" म्हणून मोकळी होतेस. म्हणून कागदावर लिही, आणि त्यांच्यामागे लिही.

वसंतात आमचा साचा पडणार. एकदा साचा पडला की हजारोंनी तशाच गुडगुड्या निघणार, मग केसभरही बदलता येत नाही. माझा भागीदार बसाम म्हणतो, इथल्या हुक्क्याच्या दुकानांत पोरांना देऊ, त्यांना आवडली की झालं. त्या पोरांना काय कळतंय? साठ वर्षं रोज संध्याकाळी गुडगुडी ओढलेला माणूस माझ्या घरात आहे. ते "बरी आहे" म्हणाले की मी निवांत झोपेन. हल्ली झोप अशी येतच नाही.

तुझा भाऊ
मुनीफ

*

सैदा, लेबनॉन
२९ ऑक्टोबर

मुनीफ,

तुझी डबी पोचली. उम्म जाफरची झडती झाली, आणि ती तुझ्याबद्दल जे म्हणाली ते मी एक शिक्षिका असल्यामुळे लिहू शकत नाही.

बाबांनी आधी ती उलटीपालटी करून पाहिली, मासळी ताजी आहे का बघतात तशी. वास घेतला. मग म्हणाले, "ह्याच्यात जीव कुठाय?" तरी ओढली. चार झुरके घेतले, नळी मांडीवर ठेवली आणि एकच शब्द म्हणाले: "जड." मी विचारलं, जड म्हणजे? तर म्हणाले, ओढायला जड. बस्स. पुढे विचारलं तर हात हलवला.

मला विचारशील तर माझी चंगळ झाली आहे. शाळेतून आल्यावर निखारे फुलवत बसायचं, खोलीभर धूर, डोकं दुखायचं, ते सगळं संपलं. पाहुणे आले की मात्र बाबा जुनीच काढायला लावतात. विजेची आत नेऊन ठेव म्हणतात. तुझ्या डबीची लाज वाटते की काय त्यांना, कोण जाणे.

आणखी एक गंमत. बाबा निवळलेत. सैदाच्या बंदरावर मासळीचा लिलाव पुकारताना ज्या माणसाचा आवाज आपल्या शाळेपर्यंत यायचा, तो माणूस आता मीठ कमी पडलं तरी ओरडत नाही. नुसतं बशीकडे बोट दाखवतो. आई असती तर तिला खरंच वाटलं नसतं. म्हातारपण बरं मानवलंय त्यांना.

रबाब

*

डिअरबॉर्न
२० नोव्हेंबर

रबाब,

"जड" हा शब्द मी कारखान्याच्या भिंतीवर लिहून ठेवलाय. बसाम हसला. हसू दे.

चूक माझीच होती. पाण्यात बुडणारी दांडी अरुंद होती, आणि बुडतही होती फार खोल. पाणी जेवढं जास्त दाबायचं तेवढी छातीला मेहनत. आता दांडी रुंद केली, जेमतेम पाण्याला टेकेल एवढी आखूड ठेवली, डबीचं वाऱ्याचं भोक मोठं केलं. मी स्वतः ओढून पाहिली, लोण्यासारखी येते. ही नवी कुरिअरने पाठवतोय, उम्म जाफरचं नाव काढायची हिंमत नाही.

काल फोनवर बाबांशी बोललो. मी पाच मिनिटं बोललो, त्यांनी तीनदा "हं" केलं आणि शेवटी "ठीक". लहानपणी मी वर्गात दुसरा आलो तेव्हाही असंच "ठीक" म्हणाले होते, आठवतं? निदान तेव्हा त्याच्यापुढे अर्धा तास भाषण होतं, पहिला का नाही आलास म्हणून. आता भाषणाच्याही लायक राहिलो नाही मी. मी इकडे येऊन गुडगुड्या बनवतो हे त्यांना अजून पटलेलं नाही, असंच ना? तू खरं सांग, मला वाईट वाटणार नाही. वाटेल, पण सांग.

मुनीफ

*

सैदा
१७ डिसेंबर

मुनीफ,

किती रे मनाला लावून घेतोस! म्हाताऱ्या माणसाला फोनवर काय बोलायचं असतं? माझ्याशी तरी कुठे बोलतात. समोर बसून डोळ्यांनीच उत्तरं देतात.

आता तुझी दुसरी डबी. पहिले काही दिवस मजेत ओढली. मी मनात म्हटलं, सुटला बिचारा मुनीफ. मग परवा परत नळी खाली ठेवली. "आधी बरी होती, आता जड झाली." अरे, वस्तू आपोआप जड कशी होईल? मी दांडी धुतली, नळी झटकली, पाणी बदललं, बॅटरी भरली. मी काही ओढत नाही, त्यामुळे मला तपासता येत नाही. तुझ्या यंत्रात काहीतरी तुंबत असणार. बघ बाबा.

बाकी ठीक. बाबांनी आपली बैठक गच्चीवरून खालच्या पडवीत आणली. जिन्याच्या फरश्या सुटल्यात म्हणतात. मी गवंडी बोलावला, तो म्हणाला एकही फरशी सुटलेली नाही. तर बाबा त्याच्यावर रागावून आत गेले. बंदरावर जाणंही बंद केलंय, म्हणे हल्ली सगळी बर्फातली मासळी, बघवत नाही. अबू शौकी निरोपावर निरोप धाडतो, हे दाद देत नाहीत. दोघांचं काही बिनसलं असेल. चाळीस वर्षं एक होडीवाला आणि एक लिलाव पुकारणारा, भांडल्याशिवाय दिवस गेला नाही त्यांचा.

रबाब

*

डिअरबॉर्न
१४ जानेवारी २०१९

रबाब,

काही तुंबत नाही. तसाच्या तसा जोड इथे माझ्याकडे आहे, महिनाभर दिवसरात्र चालवला, पहिल्या दिवशी होता तसाच आहे. म्हणजे बाबांच्या जिभेला असं काहीतरी कळतंय जे माझ्या मोजमापांना कळत नाही. मला त्यांचा अभिमान वाटतो आणि त्यांचा रागही येतो.

म्हणून आता शेवटचा उपाय केलाय. डबीत नखाएवढा पंखा बसवला. ओठ लावून हलकासा श्वास घेतला की पंखाच हवा खाली ढकलतो आणि पाणी आपोआप गुडगुडतं. ओढायचं असं काही उरतच नाही. भांडंही बुटकं केलं, म्हणजे नळी वर उचलावी लागत नाही.

बसामशी कडाक्याचं भांडण झालं. त्याने हा नमुना दुकानात दिला. पोरांनी नेहमीसारखा दणकून झुरका घेतला आणि नळीतून पाणी थेट तोंडात! एकाने थुंकून बसामचे बूट भिजवले. बसाम म्हणतो, "हे माणसांसाठी आहे की बाहुल्यांसाठी? तुझ्या बापाच्या ओठांवर कंपनी चालवायची का?" मी म्हटलं, इथली पोरं घोड्यासारखी ओढतात, गुडगुडी कशी ओढावी हे त्यांना माहीतच नाही. ज्याला माहीत आहे तो जड म्हणतोय. त्यावर तो दार आपटून गेला. तो माझ्यापेक्षा जास्त शिकलेला आहे, पण त्याचे वडील सिगारेट ओढायचे.

तू हे बाबांपर्यंत पोचव आणि लवकर लिही. मार्चच्या शेवटी साचा पडतोय.

मुनीफ

*

सैदा
११ फेब्रुवारी

मुनीफ, माझ्या राजा,

आधी बस. बसलास? बाबा म्हणाले: "आता बरी आहे."

मी परत विचारलं, खरंच? तर मान हलवली, आणि चक्क तुझं नाव घेतलं. "मुनीफच्या हातात कसब आहे." हे मी रचलेलं नाही, आईची शपथ.

आता घरात सतत गुडगुड चालू असते. मी स्वयंपाकघरात भाजी निवडत असते आणि पडवीतून तो आवाज येतो. सकाळी कॉफीबरोबर, दुपारी, संध्याकाळी. पूर्वी फक्त संध्याकाळी ओढायचे. आवाज येतोय म्हणजे म्हातारा मजेत आहे, मग मी उठून बघायलाही जात नाही. किती महिन्यांनी मला कामं उरकायला सवड मिळाली. तुझे उपकार मानायला हवेत, पण तू डोक्यावर बसशील.

रबाब

*

डिअरबॉर्न
२६ फेब्रुवारी

रबाब,

तुझं पत्र बसामला तीनदा वाचून दाखवलं. त्याला अरबी येतं, तरीही शब्दाशब्दाला अर्थ सांगितला.

शेवटी तो तयार झाला. म्हणाला, "ठीक आहे, सगळे म्हातारे आपलं गिऱ्हाईक समजू. ज्यांना दम ओढवत नाही तेही ओढतील." विकायला हे वाक्य वाईट नाही. साचा बनवणाऱ्याला होकार कळवलाय. खोक्यावर मागच्या बाजूला बाबांचा फोटो टाकायचा विचार आहे, बंदरावरचा तो जुना, तोंड उघडून लिलाव पुकारतानाचा. त्यांना विचार, पण असं विचार की नाही म्हणता येणार नाही.

तू विश्वास ठेवणार नाहीस, काल मी सलग झोपलो.

मुनीफ

*

सैदा
१० मार्च

मुनीफ,

मोबाइलवर मी तुला "साचा थांबव, पत्र येतंय" एवढंच टाकलं. तू लगेच फोन केलास आणि मी उचलला नाही, कारण बाबा समोर होते आणि मला रडू आलं असतं. आता शांतपणे लिहिते. शांत नाहीये, पण लिहिते.

शुक्रवारी अबू शौकी न कळवताच आला, हातात माशांची पिशवी घेऊन. दारातूनच ओरडला, "अबू मुनीफ, मेलास की काय? मेला असशील तर सांग, मी मासे परत नेतो!" बाबा पडवीत तुझी गुडगुडी ओढत होते. मी जुनी काढायला वळले, तर निखारेच नव्हते. इतक्यात कोणी आलंच नव्हतं ना. अबू शौकी म्हणाला, "राहू दे पोरी, हेच मुलाने पाठवलेलं यंत्र ना? मला दे." बाबा द्यायला तयार नव्हते. पण दारात आलेल्या माणसाने नळी मागितली आणि घरच्याने दिली नाही, असं आपल्याकडे कधी झालंय का? शेवटी त्यांनी नळीचं टोक रीतीप्रमाणे स्वतःकडे दुमडलं आणि पुढे केली. अबू शौकीने त्यांच्या हातावर थोपटलं, मिशा बाजूला केल्या आणि नेहमीसारखा झुरका घेतला.

पाणी थेट तोंडात. मिशांतून, दाढीतून, सदऱ्यावर. "अरे, ही गुडगुडी आहे की नळ?" आम्ही इतके हसलो! मी म्हटलं, "काका, दणकून ओढलंत तुम्ही." तो म्हणाला, "दणकून कुठे? माणूस ओढतो तशी ओढली." मी म्हटलं, बघू. आयुष्यात कधी ओढली नाही, पण ओढली. माझ्याही तोंडात पाणी, मुनीफ. माझ्या! आणि बाबा तर दिवसभर ओढतात आणि त्यांच्या ओठाला थेंब लागत नाही.

माझं हसू तिथेच थांबलं. अबू शौकीचं थांबलं नव्हतं. तो म्हणाला, "ह्याच्या नादाने घरात बसलास होय? चल, आवाज काढ. मी होडी लावली, टोपली तुझ्यापुढे. पुकार!" बाबांना नाही म्हणता येईना. त्यांनी मान ताठ केली. त्या लाल मासळीचा पुकारा तुला आठवतोय ना, "सुलतान इब्राहीम आला, लाल लाल आला, डोळे उघडे आला, कोण घेतो, कोण नेतो," हे सगळं एका दमात, आणि टोपली विकेपर्यंत पुढचा श्वास नाही. बाबा म्हणाले, "सुलतान इब्राहीम..." आणि थांबले. खुर्चीचा हात धरला. तोंड उघडं होतं, पण पुढे काही येईना. ओठ निळसर दिसत होते. इतके दिवस मी ते उन्हात पाहिलेच नव्हते.

अबू शौकीने ओले हात सदऱ्याला पुसले, बाबांच्या पाठीवर हात ठेवला आणि मला म्हणाला, "गाडी काढ."

डॉक्टरांनी छातीचा फोटो घेतला. फुफ्फुसं फार गेली आहेत. बरेच महिने झाले असणार म्हणाले. घरात कोणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं त्यांनी मला विचारलं. जिना चढवेना म्हणून खाली आले, मला वाटलं फरश्या. बोलवेना म्हणून गप्प झाले, मला वाटलं निवळले. तुला वाटलं रुसले. बंदरापर्यंत चालवेना. आणि गुडगुडी जड नव्हतीच रे, एकही जड नव्हती.

परतताना मी गाडीत त्यांच्यावर ओरडले. का नाही सांगितलं? ते खिडकीबाहेर बघत, थांबत थांबत म्हणाले, "गुडगुड ऐकू येत होती... तोवर तू... निर्धास्त होतीस."

रबाब

*

डिअरबॉर्न
१९ मार्च

रबाब,

साचा थांबवला. बसामला तुझं पत्र दिलं. त्याने वाचलं आणि स्वतःच साचेवाल्याला फोन करून सांगितलं. पंख्याची गुडगुडी निघणार नाही. पुढे काय निघेल, काही निघेल का, ते आत्ता मला विचारू नकोस.

भिंतीवर "जड" अजून लिहिलेलं आहे. मी त्याच्याकडे पाठ करून बसतो. त्यांची छाती नको म्हणत होती, आणि मी दर खेपेला नवीन काहीतरी पाठवून तिचं म्हणणं बंद पाडलं. दांडी रुंद केली, भोक मोठं केलं, शेवटी पंखा. त्यांना फक्त संध्याकाळी ओढवत होती, ती मी दिवसभर ओढायला लावली. सगळ्या पोरांच्या तोंडात पाणी गेलं आणि मी म्हटलं पोरांनाच कळत नाही. माझ्या बापाला चूक म्हणायचं नव्हतं मला. मला त्यांचं "बरी आहे" हवं होतं, आणि ते मिळवायला मी काय केलं बघ.

तू स्वतःला दोष देऊ नकोस. देशील, पण कमी दे.

तू फोनवर म्हणालीस की डॉक्टरांनी श्वासाच्या व्यायामासाठी ते तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं खेळणं दिलंय, ओढलं की गोळ्या वर जातात, आणि बाबांनी ते कपाटावर फेकलं. मी लहान मूल आहे का, म्हणाले. मग मी इथल्या एका छातीच्या डॉक्टरीणबाईंना भेटलो, तुमच्या डॉक्टरांशी त्यांचं बोलणं करून दिलं. दोघांना विचारून, त्यांनी सांगितलं तेवढंच करून, ही पेटी पाठवतोय.

हिच्यात डबी नाही. तापायला काही नाही, चिलीम नाही, तंबाखू ठेवायला जागाच ठेवलेली नाही, म्हणजे कोणी चोरूनही भरू शकणार नाही. नुसतं काचेचं भांडं, पाणी, दांडी आणि नळी. ओढलं की गुडगुडते, बाकी काही होत नाही. भांडं उंच केलंय, पाणी वर येणार नाही. दांडीला आटे आहेत. सुरुवातीला ती पाण्याला जेमतेम टेकेल. डॉक्टर म्हणतील तेव्हा तू ती एक आटा खाली उतरवायची. जितकी खोल तितकी जड. गेलेलं परत येत नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय, पण उरलं आहे ते कामाला लावता येतं.

एवढे महिने मी हलकी करायला झटलो. आता ही जड करायची आहे, आणि ती मला जमेल का माहीत नाही. कारण ती बाबांना ओढावी लागेल, आणि ते माझ्यावर रागावले असतील. मेच्या सुरुवातीचं तिकीट काढलंय. फोनवर सांगू नकोस.

मुनीफ

*

सैदा
१७ एप्रिल

मुनीफ,

पेटी पोचली. बाबांनी उघडली. चिलमीची जागा शोधली, सापडली नाही. माझ्याकडे पाहिलं. मी तुझं पत्र त्यांच्या हातात ठेवलं. तू म्हणाला होतास त्यांच्यामागे लिही, पण आता आपण त्यांच्यामागे काही करायचं नाही, असं मी ठरवलंय. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, मला वाटतं दोनदा. तिकिटाचंही वाचलं, तेव्हा माझ्यावर चिडू नकोस.

दोन दिवस ती भांड्यांच्या फळीवर तशीच पडून होती. बाबा तंबाखू मागत राहिले, मी नाही म्हणत राहिले. एकदा कप फेकला त्यांनी. मला बरं वाटलं, निदान कप फेकण्याइतका राग तरी आला. मग तिसऱ्या दिवशी अबू शौकी आला. हल्ली रोज येतो, जुनं भांडण असतं तसा ताठ येऊन बसतो. त्याने ती फळीवरून काढली, पाणी भरलं, स्वतः एक झुरका ओढला, मिशा तपासल्या, कोरड्या निघाल्या. मग टोक आपल्याकडे दुमडून नळी बाबांपुढे धरली. बाबांनी किती वेळ घेतलीच नाही. तोही तसाच हात पुढे करून बसला. शेवटी बाबांनी त्याच्या हातावर थोपटलं आणि नळी घेतली.

पहिले दिवस फार वाईट होते, ते मी लिहीत नाही. दोन बुडबुडे यायचे, मग खोकला, मग डोळे मिटून पडून राहणं. पण रोज संध्याकाळी, ज्या वेळी पूर्वी निखारे फुलायचे त्याच वेळी, ते स्वतः मागायला लागले. आता मी स्वयंपाकघरात बसून ऐकत नाही. पडवीत त्यांच्यासमोर बसते आणि ओठांकडे बघते. तंबाखूची आठवण येते त्यांना, तोंड वाकडं करतात. जिन्याच्या तीन पायऱ्या चढून परत उतरले काल, फरश्या ठीक आहेत म्हणाले.

आज संध्याकाळी गुडगुड झाली, थांबली, परत झाली. बाबांनी नळी मांडीवर ठेवली. मला वाटलं, झालं, आता "जड" म्हणणार. त्यांनी बराच वेळ श्वास गोळा केला, आणि मग म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत लिहिते, कारण मला सांगितलंय की त्याला असंच्या असं कळव:

"हलकी आहे. त्याला म्हणावं, येऊन जड कर."

रबाब